हॅलयार्ड डायनीमाचाच पाहिजे, असं कोण म्हणतं?

सध्या पुण्यातल्या सेलिंगवाल्यांमध्ये एक मेसेज फिरतोय की शीड चढवायचा दोर, म्हणजे हॅलयार्ड, फक्त डायनीमाचाच (एक खूप मजबूत कृत्रिम धागा) घ्या, पॉलिस्टर धोक्याचा, डायनीमा कितीतरी मजबूत आणि अजिबात ताणत नाही. नवीन पोरं हे वाचून उगाच पैसे घालवतायत म्हणून लिहितोय.

पहिलं, "धोक्याचा". अभिलाष टॉमी २०२२-२३ च्या गोल्डन ग्लोब रेसमध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून दुसरा आला. त्या रेसच्या नियमात स्पेक्ट्रा (डायनीमाच्याच जातीचा धागा), केव्हलार, व्हेक्ट्रन असले भारी धागे चालतच नाहीत. दक्षिण महासागरात साधे दोर पुरले, मग खडकवासल्याला ते धोक्याचे कसे झाले?

"मजबूत" हे खरं, पण हा मुद्दाच इथे गैरलागू आहे. ८ मिमीचा चांगला पॉलिस्टर तुटायला टनाच्या वर जोर लागतो, छोट्या बोटीवर तेवढा येतच नाही. हॅलयार्ड निवडायचा तो किती लांबतो ते बघून. वाऱ्याचा झोत आला की पॉलिस्टर लांबतो, शिडाची पुढची कड सैल पडते, शिडाचं पोट मागे सरकतं आणि बोट पुढे जायच्या ऐवजी कलत बसते, आणि हे नेमकं शीड सपाट हवं असतं तेव्हाच होतं. डोलकाठी जितकी उंच तितका हा फरक मोठा. रेस करणाऱ्यांनी इथे जरूर पैसे घालावेत, त्यात वाद नाही! निवांत फिरणाऱ्याने विंचला (दोर ताणायच्या चरकीला) अर्धा फेरा जास्त दिला की काम भागतं.

बोटही बघा ना. लेझर या छोट्या बोटीला मेन (मुख्य शिडाचा) हॅलयार्डच नसतो, शीड डोलकाठीवर मोज्यासारखं चढतं. एंटरप्राइज ही बोटही छोटी असली तरी तिच्या जिब (पुढच्या शिडाच्या) हॅलयार्डवर रिगचा, म्हणजे डोलकाठी आणि तिला धरणाऱ्या तारांचा ताण असतो, तिथे पॉलिस्टर नकोच, वायर किंवा डायनीमा.

"अजिबात ताणत नाही" हेही अर्धवट. सतत ताणाखाली डायनीमा हळूहळू कायमचा लांबतो, एसके७५ ही ग्रेड जास्त, एसके७८ बराच कमी. फर्लरवर (शीड गुंडाळून ठेवायच्या यंत्रावर) महिनोन्महिने चढवलेल्या शिडाला ग्रेड विचारूनच घ्या.

आणि मजबूत आहे म्हणून फार बारीक घेऊ नका, क्लचमधून (दोर पकडून ठेवणाऱ्या चिमट्यातून) सटकतो, हातही कापतो. वरचं आवरण नसलेला उघडा डायनीमा गुळगुळीत, गाठ घसरते, स्प्लाइस (गाठीऐवजी दोर दोरातच ओवून जोडणं) करता यायला हवं. पॉलिस्टरचं टोक वरच्या पुलीपाशी झिजलं तर तेवढं कापायचं आणि नवी बोलाइन गाठ मारायची, फक्त घेतानाच दोर गरजेपेक्षा दोनेक फूट जास्त लांब घ्या.