‘कारचा चार्जर लावा, अर्ध्या तासात बाइक चालू’ : खुलासा

पावसाळ्यात महिनाभर उभ्या राहिलेल्या बाइकची बॅटरी उतरली की एक मेसेज हमखास फिरतो: दोन्ही बॅटऱ्या 12 व्होल्टच्याच, तेव्हा कारचा चार्जर बिनधास्त लावा, अर्ध्या तासात फुल.

12 व्होल्टचं खरं आहे. घोळ अँपिअरचा, म्हणजे करंटचा आहे. कारची बॅटरी 35 अँपिअर-अवर (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) किंवा त्याहून मोठी. शंभर-सव्वाशे सीसीच्या बाइकची जेमतेम 3 ते 5. लेड-ॲसिड बॅटरीला क्षमतेच्या साधारण दहाव्या भागाइतका करंट सोसतो, म्हणजे इथे अर्धा अँपिअर. कारचा साधा चार्जर 5 अँपिअर ढकलतो तेव्हा बॅटरी तापते, फुगते, हायड्रोजन हा पेट घेणारा गॅस सोडते. सीलबंद बॅटरीत तर गेलेलं पाणी परत भरताही येत नाही. पूर्ण उतरलेली बॅटरी नीट भरायला दहा-बारा तास लागतात, घाई असो वा नसो.

चार्ज करायला बाइकमधून बॅटरी काढलीच पाहिजे, असंही सांगितलं जातं; तेही सरसकट खरं नाही. बाइकसाठीचा ऑटोमॅटिक चार्जर असेल तर सहसा ती जागेवरच चार्ज होते. बाइकची माहितीपुस्तिका बॅटरी काढायला सांगत असेल तर काढा, आणि काढताना निगेटिव्ह आधी. जागेवरच्या बॅटरीला चार्जर जोडताना चार्जर बंद, इग्निशन बंद. लाल क्लिप पॉझिटिव्हला, मग काळी चॅसीच्या, म्हणजे बाइकच्या सांगाड्याच्या, उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. ठिणगी उडाली तरी गॅसपाशी नको. (बंद खोलीत हा उद्योग करणाऱ्यांना काय म्हणावं!)

लिथियम बॅटरी असेल तर तिचा चार्जर वेगळाच लागतो.