एक्समूरची किनारवाट आणि माथ्यावरचे माळ : एका प्रतिक्रियेला उत्तर

इंग्लंडच्या नैऋत्येला असलेल्या एक्समूरमधील, माइनहेड ते कूम मार्टिन या किनारवाटेवरील माझ्या लेखाबद्दल आपण घेतलेले आक्षेप मी काळजीपूर्वक वाचले. आपले म्हणणे थोडक्यात असे, की शीर्षकात समुद्रकिनारा असूनही मी वाचकाला निम्मे दिवस आतल्या माळांवर पाठवतो. हे माळ, म्हणजे तिथले मूर, माणसाने तोडून-जाळून उघडे केलेले जंगल असल्यामुळे त्यांचे कौतुक भाबडेपणाचे आहे. आणि जिथला सर्वोच्च माथा ५१९ मीटरचा आहे, तिथल्या चढणींची धास्ती सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला घालणे हास्यास्पद आहे. यांपैकी तिसरा आक्षेप सर्वांत हलका वाटतो, म्हणून तो आधी घेतो.

डंकेरी बीकन ५१९ मीटर आहे आणि आपले कळसूबाई १,६४६ मीटर आहे, यात वादाला जागा नाही. परंतु या किनाऱ्यावर माणूस दमतो तो उंचीमुळे नव्हे, तर कमावलेली उंची वारंवार सोडून द्यावी लागते म्हणून. लिंटनहून पश्चिमेकडे चालणारा माणूस हेडन नदीच्या मुखाजवळ जवळजवळ समुद्रपातळीला येतो, पुन्हा होल्डस्टोन डाउनच्या अंगाने वर चढतो, शेरीकूमच्या घळीत पुन्हा खोल उतरतो, आणि एवढे झाल्यावर त्याच्यासमोर ग्रेट हँगमनचा ३१८ मीटरचा माथा उभा राहतो. ही किनारवाट ज्याचा भाग आहे, त्या माइनहेडपासून पूल (Poole) नावाच्या बंदरापर्यंतच्या सुमारे १,०१४ किलोमीटरच्या संपूर्ण साउथ वेस्ट कोस्ट पाथवर एकूण चढण सुमारे ३५ हजार मीटर भरते, आणि तरीही त्या अख्ख्या वाटेवरचा सर्वांत उंच बिंदू हा ग्रेट हँगमनच आहे. केवळ माथ्यांची उंची वाचून त्या दिवसाचा अंदाज बांधणाऱ्याचे गुडघे संध्याकाळी त्याच्याशी वाद घालतील, इतकेच मला म्हणायचे होते.

आता मुख्य मुद्दा. किनारा एकीकडे आणि मूर दुसरीकडे, अशी दोन ठिकाणे समोर असून त्यांपैकी एकाची निवड करायची आहे, असे आपण गृहीत धरले आहे. एक्समूरमध्ये तशी विभागणी करता येत नाही. माइनहेड सोडल्यावर ओकफळाचे चिन्ह मिरवणारी अधिकृत किनारवाटच नॉर्थ हिलवर चढते आणि हीथर व गॉर्स यांच्या झुडपांतून ३०८ मीटर उंचीच्या सेलवर्दी बीकनच्या जवळून जाते. म्हणजे पहिल्याच सकाळी आपण मूरवर असतो, मी पाठवो अथवा न पाठवो. याला कारण इथल्या कड्यांची घडण आहे. माथ्यावरचा माळ समुद्राकडे लांबवर कलत येतो आणि अगदी शेवटी एकदम तुटतो, त्यामुळे समुद्राच्या काठाने सलग चालता येईल अशी जागा फारशी उरतच नाही. त्यातच ब्रिस्टल खाडीची भरती जगातल्या सर्वांत मोठ्या भरतींपैकी असल्याने कड्याच्या पायथ्याचे गोटे ओहोटीत दिसतात म्हणून त्यांवर विसंबणे धोक्याचे ठरते.

स्थानिक लोकांनी ही गोष्ट केव्हाच ओळखली होती. १२ जानेवारी १८९९ रोजी पोर्लॉकच्या समुद्रात फॉरेस्ट हॉल नावाचे जहाज वादळात सापडले, तेव्हा लिंटनच्या पायथ्याशी समुद्रकाठी असलेल्या लिनमथ गावाची लुईझा ही जीवरक्षक नौका लाटांमुळे तिथून पाण्यात लोटता येईना. मग शंभरेक माणसांनी आणि अठरा-वीस घोड्यांनी ती गाड्यावर चढवून काउंटिसबरीच्या उभ्या चढणीने मूरवर नेली, वाट अरुंद होती तिथे भिंती पाडल्या, रात्रभरात सुमारे २१ किलोमीटरचे अंतर तोडले आणि पहाटे पोर्लॉक वेअरच्या बंदरातून ती समुद्रात उतरवली. जहाज आणि खलाशी दोन्ही बचावले. ज्या किनाऱ्यावर होडीलाही माळावरून जावे लागले, तिथे पायी चालणाऱ्याने माळ टाळावा असा आग्रह मला समजत नाही.

परंतु मूरवर जाण्याचे याहून मोठे कारण पाण्याचे आहे. लिंटनच्या दक्षिणेला चेन्स नावाचा सुमारे ४८० मीटर उंचीचा सपाट, पाणथळ माथा आहे. अनेकांना तो कंटाळवाणा वाटतो, आणि धुक्यात तो तसा असतोही. पाय घोट्यापर्यंत रुततात आणि डोळ्याला धरायला काही सापडत नाही. पण तिथे उभे राहिल्यावर या प्रदेशाचे सारे गणित उलगडते. एक्स नदी ब्रिस्टल खाडीपासून जेमतेम आठ किलोमीटरवर याच भागात उगम पावते आणि तरी जवळच्या समुद्राकडे पाठ फिरवून जवळजवळ शंभर किलोमीटर दक्षिणेला, थेट इंग्लिश खाडीकडे जाते. याउलट त्याच माथ्यावरून उत्तरेला वळलेले वेस्ट लिन आणि होअरओकचे पाणी काही किलोमीटरांतच साडेचारशे मीटर खाली लिनमथला कोसळते. किनारवाटेवर ज्या घळींत आपण धापा टाकत उतरतो-चढतो, त्या अशा घाईने समुद्र गाठणाऱ्या पाण्यानेच कोरलेल्या आहेत.

१५ ऑगस्ट १९५२ च्या रात्री या घाईची किंमत लिनमथने मोजली. आधीच्या पावसाने मूर तुडुंब भरलेला होता आणि चेन्सच्या कडेला लाँगस्टोन बॅरोपाशी चोवीस तासांत सुमारे २२९ मिलिमीटर पाऊस पडला. कोकणात वा महाबळेश्वरला असा दिवस पावसाळ्यात येतच असतो, हे मला ठाऊक आहे. परंतु लिनमथचे ओढे, पूल आणि घरे अशा दिवसासाठी घडलेली नव्हती. वाहून आलेले वृक्ष आणि शिळा पुलांना अडकल्या, मागे पाणी तुंबले आणि मग एकदम सुटले. इमारतींना जागा मिळावी म्हणून वेस्ट लिनचा प्रवाह पूर्वी वळवून अरुंद केलेला होता. त्या रात्री नदीने आपली जुनी वाट परत घेतली. ३४ माणसे गेली. फक्त किनारवाटेने लिनमथला उतरणाऱ्याला आज तिथे रुंद, दगडी काठांची, दिवसभर शांत खळाळणारी नदी दिसते आणि हे पात्र एवढे ऐसपैस का ठेवले आहे, हे त्याला कळत नाही.

दुसऱ्या आक्षेपातील वस्तुस्थिती मला मान्यच आहे आणि ती मूळ लेखातही आली आहे. एक्समूर उघडा झाला तो माणसामुळे; प्रागैतिहासिक काळापासूनची वृक्षतोड, मेंढ्या-गुरांची चराई आणि हिवाळ्याच्या अखेरीस नवी पालवी फुटावी म्हणून लावली जाणारी आग, यांनी तो उघडा राहिला. जॉन नाइट नावाच्या लोखंड उद्योजकाने १८१८ मध्ये इथली राजघराण्याची हजारो एकर जमीन घेतली. पुढे शेतीसाठी चर खणून पाणथळ माथा कोरडा करण्याचा खटाटोप झाला आणि गेल्या काही दशकांत तेच चर बुजवून पीटचा, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा, थर पुन्हा ओला करण्याचे काम चालू आहे. पण माणसाचा हात लागला म्हणून एखादा भूभाग पाहण्याजोगा राहत नसेल, तर पायवाटेसाठी इंग्लंडात काहीच शिल्लक राहणार नाही. जंगलही तिथे आहेच. पोर्लॉक वेअरच्या पश्चिमेला कल्बोनच्या उतारांवर ओकची दाट झाडी थेट समुद्रावर झुकलेली आहे, आणि गंमत अशी की किनारवाट तिथून जाताना समुद्र तासन्‌तास पानांआड असतो.

शिवाय आपण ज्याला अस्सल किनारा म्हणता, तोही स्थिर नाही. पोर्लॉकच्या उपसागराला गोट्यांचा जो हजारो वर्षांचा नैसर्गिक बांध होता, त्याला ऑक्टोबर १९९६ च्या वादळाने भगदाड पाडले. ते बुजवायचे नाही असे ठरले, मागच्या शेतजमिनीत भरतीचे पाणी येऊ लागले आणि तिथे खाजण तयार झाले. किनारवाटेलाच तिथे आत सरकावे लागले.

एक दिवस कमी करायचा झाल्यास काय गाळावे, असे आपण शेवटी विचारले आहे. मी कल्बोनचे जंगल गाळीन आणि पोर्लॉक वेअर ते लिनमथ हा टप्पा काउंटिसबरीवरून जाणाऱ्या रस्त्याने वाहनातून करीन. चेन्सचा दिवस मात्र ठेवावा. लिनमथहून वर जाऊन त्याच दिवशी परतता येते. नकाशा आणि होकायंत्र सोबत असू द्यावे, पायांत पाणी न शिरणारे बूट असावेत, आणि परतल्यावर पायांवर गोचीड तपासून घ्यावी. हीथर आणि गॉर्स एकाच वेळी फुललेले पाहायचे असतील तर ऑगस्ट निवडावा, मात्र निघण्यापूर्वी पावसाचा अंदाज जरूर पाहावा.