चंद्रकळा

गेल्या शनिवारी आमच्या घरी फराळाला आलेल्या सहा माणसांनी एका सद्गृहस्थांसाठी टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्या अजून माझ्या कानांतून गेलेल्या नाहीत.

मी इंग्लंडमधल्या रेडिंग शहरात राहतो आणि शॅमेलिऑन पाळतो. मराठीत या प्राण्याला ‘सरडगुहिरा’ असा भारदस्त शब्द आहे. परंतु तो कितीही ठसक्यात उच्चारला तरी समोरच्याच्या चेहऱ्यावरचे ‘म्हणजे सरडाच ना?’ हे भाव हटत नाहीत. आमची मादी येमेनी जातीची, डोक्यावर उंच तुरा असलेली आणि उभ्या फांदीवरून निर्धास्त उतरणारी, म्हणून तिचे नाव हिरकणी. तीन आठवड्यांपूर्वी दुसऱ्या एका पाळणाऱ्याच्या नराशी तिची गाठ घालून दिली होती, आणि तिच्या गडद झालेल्या अंगावर पिवळे व निळसर ठिपके उमटले तेव्हा तिला दिवस गेल्याचे आम्हांला कळले.

ही मादी जमिनीत बोगदा खणून अंडी घालते. त्यासाठी पिंजऱ्यात फूटभर खोल ओलसर वाळूची बादली ठेवावी लागते, आणि खणताना आपल्याला कोणी पाहत आहे अशी शंका आली तर ती काम अर्धवट टाकून निघून जाते. अंडी पोटातच अडकली तर जीव जातो. शनिवारी दुपारी ती वाळूत उतरलेली दिसताच मी पिंजऱ्यावर जुनी चादर टाकली आणि तिकडे कोणी फिरकू नये असे पाहुण्यांना दोनदा बजावले. दोन्ही वेळा काका चकली खात होते. चकली चावताना बाहेरचे काही ऐकू येत नाही, हे त्यांनी नंतर स्वतःच सांगितले.

काका म्हणजे माझ्या मित्राचे सासरे. इचलकरंजीत त्यांनी चाळीस वर्षे साड्यांचे दुकान चालवले, आणि सध्या ते सहा महिन्यांसाठी लेकीकडे आलेले आहेत. इथल्या थंडीवर त्यांचा विश्वास नसल्यामुळे, किंवा फारच असल्यामुळे, ते घरातही काळा लोकरीचा कोट काढत नाहीत. मी स्वयंपाकघरातून चहा घेऊन आलो तेव्हा चादर जमिनीवर होती, काका पिंजऱ्याला नाक लावून उभे होते, आणि अर्ध्या बोगद्यातून डोके बाहेर काढलेली हिरकणी एक डोळा काकांवर आणि दुसरा माझ्यावर रोखून पाहत होती. तिचे दोन्ही डोळे स्वतंत्रपणे फिरतात, हे मला ठाऊक होते. पण त्यांतला एक इतक्या तुच्छतेने पाहू शकतो हे मला त्या दिवशी समजले.

“रंग बदलत नाही हा,” काका म्हणाले. दुकानात माल परत करायला आलेल्या गिऱ्हाइकाचा तो सूर होता.

“काका, ती मादी आहे, आणि ती आत्ता अंडी घालते आहे.”

“मग बरोबर. समोर रंगच नाही तर ती घेणार काय? बाळ, एखादी डाळिंबी ओढणी आण बरं.”

हे ‘बाळ’ माझ्या पत्नीला होते. तिने ओढणी आणली. का आणली, यावर आमची नंतर सविस्तर चर्चा झाली. काकांनी ती एका झटक्यात अशी उलगडली की चाळीस वर्षांचा सराव त्या मनगटात दिसला, आणि पिंजऱ्यासमोर तिचा पदर काढून दाखवला. हिरकणी ढिम्म. “डाळिंबी नाही आवडत. आमसुली दाखवा.” आमसुली आली, मोरपंखी आली, कोणाची तरी चिंतामणी शालही आली. काका प्रत्येक छटेचे नाव पुकारत होते आणि पाहुणे दिवाणावर सरसावून बसले होते. वाळूतली बिचारी मात्र काहीच पसंत करीत नव्हती.

मी समजावण्याचा प्रयत्न केला, ही माझी चूक. शॅमेलिऑन मागच्या भिंतीचा रंग पाहून रंग बदलत नाही. ऊन, भीती, राग, नराला होकार किंवा नकार, या कारणांनी तो बदलतो. मी २०१५ सालचे जिनिव्हा विद्यापीठाचे संशोधनही सांगितले: मादागास्करच्या एका जातीच्या त्वचेतील पेशींत अतिसूक्ष्म स्फटिकांची जाळी असते, आणि प्राणी चेतवला गेला की त्या स्फटिकांमधले अंतर वाढून परावर्तित होणारा रंग पालटतो.

काकांनी क्षणभर विचार केला. “म्हणजे विणीतलं अंतर बदललं की छटा बदलते. आमची धूपछाँव तशीच.”

हा गृहस्थ चुकीच्या दिशेने चालत बरोबर गावी पोहोचतो, आणि माणसाला याचा राग येतो.

“आमच्या दुकानामागच्या कुंपणावर रोज चार दिसायचे. फुकट,” त्यांनी पुढे जोडले. कुंपणावरचा तो सरडा निराळा, आपल्याकडचा खरा शॅमेलिऑन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे आणि तो पाळता येत नाही, हे मी सांगितले. पण फुकट हा शब्द खोलीत पसरला होता आणि प्रत्येक जण मनातल्या मनात माझा हिशेब करू लागला होता. तो हिशेब मीही टाळत असतो. अतिनील किरणांचा दिवा, तुषार फवारणारे यंत्र (हा प्राणी वाटीतले पाणी पीत नाही, पानांवरचे थेंब चाटतो), कॅल्शियमची पूड, आणि ती पूड लावून भरवायचे जिवंत टोळ. २०२० च्या मे महिन्यात विदर्भावर टोळधाड आली तेव्हा अचलपूरचे माझे मामा शेतात थाळी बडवत होते, आणि त्याच आठवड्यात इकडे मी पौंड मोजून टोळ विकत आणले होते. मामांनी फोनवर भाव विचारला, मी सांगितला, आणि त्यानंतर बराच वेळ पलीकडून फक्त थाळीचा आवाज येत राहिला.

इतक्यात हिरकणी बिथरली. ती वाळूतून बाहेर पडली, फांदीवर चढली, तोंड वासून डोलू लागली आणि पाहता पाहता काळीकुट्ट झाली. अंगावर तेवढे पिवळे ठिपके चमकत राहिले. भ्यायलेली मादी अशीच काळवंडते. काकांनी आपल्या काळ्या कोटाकडे पाहिले, मग तिच्याकडे पाहिले, आणि दोन्ही हात पसरून म्हणाले, “घ्या! चंद्रकळा!”

टाळ्या त्या वेळी पडल्या. नाव चपखल होते, हे मी त्याही क्षणी नाकारू शकलो नाही.

पाहुण्यांनी निघताना ‘फार मजा आली’ असे सांगितले. त्यानंतर तीन दिवस हिरकणी वाळूकडे फिरकली नाही. ती खात नव्हती आणि दिवसाही डोळे मिटून बसत होती, हे लक्षण चांगले नसते. रात्री दोन वाजता अंधारात पिंजऱ्यापाशी कान लावून वाळूचा आवाज येतो का हे ऐकणाऱ्या माणसासाठी कोणी टाळ्या वाजवत नाही. डॉक्टरांची वेळ बुधवारची मिळाली होती. मंगळवारी दुपारी ती पुन्हा खाली उतरली आणि संध्याकाळपर्यंत तिने बावन्न अंडी घातली. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने खूण करून, वरची बाजू वरच ठेवून, ती मी ओलसर भुश्शाच्या डब्यांत मांडली आहेत. पिल्ले बाहेर यायला सहा ते नऊ महिने लागतील. पुढे त्यांना वेगवेगळे ठेवावे लागेल, आणि केळी सडली म्हणून ज्यांच्यावरून आपण घरात भांडतो त्या फळमाश्या त्यांच्यासाठी मुद्दाम वाढवाव्या लागतील.

काल मित्राने काकांनी काढलेले छायाचित्र पाठवले. फांदीवर काळी हिरकणी, शेजारी काळ्या कोटातले काका, आणि कडेला गळून पडलेली चादर उचलणारा एक हात, तो माझा. खाली काकांनी लिहिले आहे, ‘लंडनच्या सरड्याला चंद्रकळा नेसवली.’ पत्नीने ते कौतुकाने आमच्या घरच्या गटात पुढे पाठवले, आणि अचलपूरहून मामांनी उत्तरादाखल टाळ्यांची एक पूर्ण ओळ पाठवली आहे.