६४१ने भाग जातो, पण का?

नमस्कार,

माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचे आक्षेप दोन. ‘४,२९,४९,६७,२९७ ही संख्या मूळ असल्याचे फर्माने सिद्ध केले होते’ हे माझे वाक्य चूक आहे, हा पहिला. दुसरा असा, की संगणक जिचे अवयव क्षणात काढतो तिच्यात लिहिण्यासारखे गणित नाही. ६४१ने भाग जातो हा योगायोग.

पहिला आक्षेप पूर्ण मान्य. १६४०च्या पत्रात फ्रेंच गणिती फर्माने खात्री व्यक्त केली होती, पण सिद्धता हाती नाही हेही सांगितले होते. वाक्य दुरुस्त केले आहे. आभार.

दुसरा मात्र मला अजिबात पटत नाही. ही संख्या म्हणजे २चा ३२वा घात अधिक १. आता ६४१कडे पाहा. ते ५ × १२८ + १ आहे आणि ६२५ + १६ही, म्हणजे ५चा चौथा घात अधिक २चा चौथा घात. ६४०ला ६४१ने भागल्यास बाकी −१ मानता येते, म्हणून ६४०च्या चौथ्या घाताची बाकी १. तो घात म्हणजे ६२५ गुणिले २चा २८वा घात. पण ६२५ची बाकी −१६, म्हणजे उणे २चा चौथा घात. तेव्हा २च्या ३२व्या घाताची बाकी −१ येते आणि त्यात १ मिळवला की शून्य. दहा अंकी भागाकार एकदाही करावा लागला नाही. संगणक ‘भाग जातो’ एवढेच सांगतो. का जातो, ते इथे दिसते.

गणिती ऑयलरनेही १७३२मध्ये आंधळेपणाने भागत बसून ६४१ गाठले, असे समजू नका. या संख्येचा प्रत्येक मूळ विभाजक ६४च्या पटीत १ मिळवून येतो, हे त्याने पुढे सिद्ध केले. फ्रेंच गणिती ल्यूकाने १८७८मध्ये ६४चे १२८ केले, म्हणजे विभाजक १२८च्या पटीत १ मिळवून येतो हे दाखवले. मग तशा मूळ संख्यांत २५७नंतर थेट ६४१च येते!

दुसरा अवयव ६७,००,४१७. तो मूळ आहे का, हे पाहायला एरवी २,५८८पर्यंतच्या सुमारे पावणेचारशे मूळ संख्या तपासाव्या लागल्या असत्या. पण त्याचा विभाजक मोठ्या संख्येचाही विभाजक असणार, म्हणून उरतात पाचच: २५७, ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९. कागदावर करून बघा, एकानेही भाग जात नाही.

आणखी एक गोष्ट मूळ लेखात राहून गेली. विषम बाजूंच्या ज्या सुसम बहुभुजाकृती पट्टी-कंपासने काढता येतात, त्यांतली आज माहीत असलेली सर्वांत मोठी ४,२९,४९,६७,२९५ बाजूंची आहे, आपल्या संख्येपेक्षा बरोबर दोनने कमी. हाही योगायोग नाही. ती संख्या म्हणजे ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या आपल्या संख्येच्याच घडणीच्या (२चा घात अधिक १) मूळ संख्यांचा गुणाकार. ३ × ५ म्हणजे १७ वजा २. त्याला १७ने गुणा, २५७ वजा २. त्याला २५७ने गुणा, ६५,५३७ वजा २. आणखी एकदा, ६५,५३७ने गुणा.