बोटे दिसली म्हणून दृष्टिक्षेत्र शाबूत ठरत नाही

गेले काही महिने काचबिंदूविषयीचा (डोळ्याची नस झिजून हळूहळू नजर जाण्याच्या आजाराविषयीचा) एक संदेश मराठी व्हॉट्सॲप गटांतून फिरतो आहे आणि तो मोबाइलवर उघडून माझ्यापुढे धरणारे लोकही आता तपासणीला येऊ लागले आहेत. संदेशाचा आशय असा, की एक डोळा झाकून भिंतीवरच्या खुणेकडे टक लावून पाहावे आणि घरातल्या कोणीतरी चारी बाजूंनी बोटे हलवावीत. ती दिसली, की काचबिंदू नाही. तो असता तर नजरेत काळा डाग आला असता. तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता येत असेल आणि डोळ्याचे प्रेशर ठीक असेल, तर दवाखान्यातली ‘फील्ड टेस्ट’ (दृष्टिक्षेत्र, म्हणजे समोर पाहताना आजूबाजूचे किती दिसते, हे यंत्रावर ठिपके दाखवून मोजणारी तपासणी) करू नये, कारण ते यंत्र दर वेळी वेगळा निकाल देते आणि न दाखवलेल्या ठिपक्यांसाठी माणसाला नापास करते. ही टेस्ट घेणे हे माझे रोजचे काम असल्यामुळे गप्प बसणे मला योग्य वाटत नाही.

बोटांची चाचणी खोटी नाही, हे आधी मान्य करतो. डॉक्टर रुग्णासमोर साधारण मीटरभर अंतरावर बसतात, रुग्णाने डावा डोळा झाकला तर स्वतःचा उजवा झाकतात आणि दोघांच्या मधोमध हात धरून रुग्णाला दिसते ते आपल्यालाही दिसते का, हे ताडून पाहतात. पक्षाघातानंतर दोन्ही डोळ्यांची एकाच बाजूची अर्धी नजर गेली असेल, किंवा पिट्युटरी ग्रंथीच्या गाठीचा दाब पडून दोन्ही डोळ्यांना कानाकडच्या बाजूचे दिसेनासे झाले असेल, तर ते या साध्या पद्धतीने खाटेवरच्या रुग्णातही कळू शकते. काचबिंदूची सुरुवात मात्र अशी ढोबळ नसते. अर्ध्या मीटरवर धरलेले बोट डोळ्यापाशी सुमारे आठ अंश लांबीचे भरते आणि त्यातून ते हलत असते. फील्ड टेस्टमध्ये नेहमी वापरला जाणारा ठिपका अर्ध्या अंशाहूनही लहान, म्हणजे त्याच अंतरावर ठेवलेल्या ज्वारीच्या दाण्याएवढा असतो. मासा जाळ्याच्या भोकापेक्षा लहान असेल, तर जाळे रिकामे आले म्हणून तळ्यात मासे नाहीत, असे कोणी म्हणत नाही. हे ज्ञान आजचेही नाही. कोपनहेगनचे नेत्रवैद्य यानिक बियेरूम यांनी 1889 च्या सुमारास आपल्या तपासणीच्या खोलीच्या दाराची मागची बाजू पडद्यासारखी वापरली, रुग्णाला लांब बसवून अगदी लहान पांढऱ्या वस्तू दाखवल्या आणि अंधबिंदूपासून (प्रत्येक डोळ्यात मुळातच असलेल्या, काही न दिसणाऱ्या जागेपासून) कमानीसारखा वळत जाणारा, मोठ्या वस्तूंनी निसटणारा काचबिंदूचा दोष त्यांना सापडला.

काळ्या डागाचा मुद्दा मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो वाचून लोक निर्धास्त होतात. तो कोणालाही दोन मिनिटांत पडताळता येईल. कोऱ्या कागदावर डावीकडे एक फुली काढा आणि तिच्या उजवीकडे आठ सेंटिमीटरवर शेंगदाण्याएवढा काळा ठिपका काढा. डावा डोळा झाका, उजव्या डोळ्याने फुलीकडेच पाहत राहा आणि कागद सुमारे तीस सेंटिमीटरवर धरून किंचित मागेपुढे करा. एका जागी ठिपका नाहीसा होतो. तिथे काळे भोक दिसत नाही, नुसता पांढरा कागद दिसतो. डोळ्याची नस जिथून बाहेर पडते तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशी नसतात, म्हणून प्रत्येक डोळ्यात हा सुमारे साडेपाच अंश रुंद अंधबिंदू जन्मापासून असतो, आणि मेंदू आजूबाजूचे रंग-रेषा घेऊन तो बुजवून टाकतो. काचबिंदूने पडलेली भोकेही मेंदू बहुतेक वेळा अशीच बुजवतो, शिवाय एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो. त्यामुळे रुग्ण डाग दिसतो असे सांगत नाहीत. पायरी चुकली, बाजूने आलेली स्कूटर अचानक अंगावर आली, असे सांगतात, आणि तेही उशिरा.

शेवटची ओळ वाचता येण्याविषयी फार लिहायला नको. तक्ता फक्त नजरेचा मध्य मोजतो आणि काचबिंदूत बहुधा तोच शेवटपर्यंत टिकतो. नळीतून पाहावे इतके क्षेत्र उरलेला माणूसही 6/6 वाचू शकतो. प्रेशरचे म्हणाल, तर 10 ते 21 मिलिमीटर पारा या नेहमीच्या मर्यादेत असूनही नस झिजणारे रुग्ण पुष्कळ आहेत. फील्ड टेस्ट सरसकट सर्वांना लागत नाही, हेही खरे. नसेची तपासणी, प्रेशर, घरातला काचबिंदूचा इतिहास पाहून ती सांगितली जाते.

‘न दाखवलेले ठिपके’ या तक्रारीत मात्र आमचाही दोष आहे. अंधाऱ्या खोलीत हनुवटी टेकवायला लावून हातात बटण देणारे आम्ही लोक पुष्कळदा एवढेच सांगतो, की ठिपका दिसला की दाबा. नेहमीच्या टेस्टमध्ये मधल्या भागातल्या, एकमेकींपासून सहा अंशांवरच्या 54 जागी एक पंचमांश सेकंदाचा प्रकाश पडतो, आणि एखादा ठिपका दिसला, की यंत्र त्या जागी पुढचा अधिक मंद करते. दिसण्या-न दिसण्याची सीमा शोधायची असल्यामुळे निरोगी माणसालाही जवळपास निम्मे ठिपके दिसत नाहीत. हे आधी न सांगितल्याने एका आजोबांनी भीतीपोटी ठिपका असो-नसो दर सेकंदाला बटण दाबले होते. तो निकाल अर्थातच रद्द करून आम्ही त्यांना समजावले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसवले.

निकाल बदलतो, हेही खरे आहे. पहिल्या वेळी सवय नसते, थकवा येतो, वरची पापणी ओघळली असेल तर वरचा भाग गेल्यासारखा दिसतो (ती चिकटपट्टीने उचलून धरली, की पुष्कळदा परत येतो), चाचणीच्या भिंगाची कडा आड येते. म्हणूनच जाणता डॉक्टर एका कागदावरून निदान पक्के करत नाही, आणि काचबिंदू झपाट्याने वाढणारे रुग्ण ओळखायला पहिल्या दोन वर्षांत सहा टेस्ट असाव्यात, असे या विषयातले तज्ज्ञ सुचवतात. शिवाय यंत्र माणसाच्या उत्तरांवर आंधळा विश्वास ठेवत नाही. मधूनमधून ते मुद्दाम अंधबिंदूवर एक ठळक ठिपका टाकते. रुग्णाने त्यालाही बटण दाबले, तर त्याची नजर मधल्या खुणेवरून हलली, अशी नोंद निकालाच्या कागदावर वरच्या कोपऱ्यात होते.