पेरणीआधी सांगितलं, तरच ती मदत

शेतकऱ्याला सरकारनं पैसे द्यावेत का, यावरून आमच्या लातूरच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दर हंगामात वाद पेटतो. नोकरदार मंडळी म्हणतात, "किती दिवस फुकट वाटणार?" गावाकडचे म्हणतात, "खर्च तरी निघू द्या." मी जर्मनीत राहते आणि मला वाटतं, द्यायचे की नाही यापेक्षा कधी आणि कुणाला, यावर भांडायला हवं.

इथला शेतकरीही सरकारी पैशावर उभा आहे. युरोपीय संघाच्या बजेटचा जवळपास तिसरा हिस्सा शेतीधोरणावर जातो. पूर्वी इथेही भावालाच टेकू होता. त्यापायी लोण्याची, धान्याची गोदामं ओसंडून वाहिली, तेव्हा १९९२ पासून हळूहळू हेक्टरी थेट रक्कम सुरू झाली. मेच्या मध्यापर्यंत अर्ज करायचा, वर्षअखेरीला पैसे जमा. शेतकरी ते आधीच हिशेबात धरून चालतो.

आपल्याकडे २०२४ च्या खरिपात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि मोंढ्यात भाव चार हजारांच्या आसपास. हमीभावानं घेणाऱ्या सरकारी खरेदी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा. परतीच्या पावसात भिजलेला माल तिथं कसा बसणार? नोव्हेंबरच्या मध्याला केंद्र सरकारनं मर्यादा १५ टक्के केली, तोवर माझ्या चुलतभावानं सगळे कट्टे आडतीवर घातले होते. हरभऱ्याचं बियाणं, खत, मजुरी, कुणाचीच उधारी थांबत नव्हती. ज्यांनी कळ काढली, त्यांना पुढे बऱ्याच केंद्रांवर "बारदाना (पोती) संपला" हे ऐकावं लागलं.

२०२३ च्या खरिपातल्या सोयाबीन-कापसाला राज्य सरकारची मदत म्हणून हेक्टरी पाच हजार, दोन हेक्टरांपर्यंत, जाहीर झाले. ते खात्यावर पडू लागले २०२४ च्या सप्टेंबरअखेरीस, विधानसभा निवडणूक तोंडावर असताना. घरात पैसा आला याचा मला आनंदच आहे. पण पेरताना ज्याचा भरवसा नव्हता, त्या पैशानं सावकाराचं दार कसं टळणार?

कांद्याचं तर मला फार लागतं. २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विकलेल्या कांद्याला राज्यानं क्विंटलला ३५० रुपये अनुदान दिलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्रानं निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं, डिसेंबरात निर्यातच बंद केली. शहरातला कांदा स्वस्त ठेवण्याचा भार लासलगाव-पिंपळगावच्या शेतकऱ्यानं उचलायचा आणि वर त्याच्याच अनुदानाला फुकट म्हणायचं, हे मला पटत नाही.

इथलं सगळं न्याय्य आहे असं नाही. हेक्टरी हिशेबामुळे मोठ्या शेतकऱ्याला जास्त मिळतं, आणि त्या पैशावर डोळा ठेवून जमीनमालक खंड, म्हणजे जमिनीचं भाडं, वाढवतात. तरी अर्ज करतो तो जमीन कसणारा, मालक नव्हे.

आमची जमीन बटाईनं दिलेली आहे. सातबारा दादाच्या नावावर, ई-पीक पाहणीही (शेतात कोणतं पीक आहे याची सरकारी ऑनलाइन नोंद) त्याच्याच नावानं, त्यामुळे सोयाबीनचे पैसे आले ते पुण्यात दादाच्या खात्यावर. दादानं ते बटाईदार काकांना नेऊन दिले. पण ते त्यांना मिळाले दादाच्या मर्जीनं. हक्कानं मिळायला हवे होते. त्यासाठी पीक पाहणीत कसणाऱ्याचं नाव लागलं पाहिजे, आणि तेही पुढच्या खरिपाआधी.