काउंटी जेलमधल्या आपल्या माणसाला पत्र पाठवताना

अमेरिकेत घरचं कुणी अटकेत गेलं, तर त्याला पत्र लिहाच. फोनची वेळ संपते, पत्र हवं तेव्हा पुन्हा वाचता येतं. फक्त लिहायच्या आधी तो ज्या काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) जेलमध्ये आहे, तिथल्या शेरीफच्या (जेल चालवणाऱ्या पोलीस प्रमुखाच्या) वेबसाइटवर टपालाचे नियम बघा. शेजारच्या काउंटीत काय चाललं, यावर जाऊ नका. काही ठिकाणी फक्त पोस्टकार्डच घेतात.

पत्ता आधी तपासा. अनेक जेलांनी टपाल खासगी कंपन्यांकडे दिलंय. पत्र परराज्यातल्या पोस्ट बॉक्सवर जातं, तिथे स्कॅन होतं आणि आत टॅबलेटवर दिसतं. मूळ कागद नंतर नष्ट करतात. म्हणून मुलांनी काढलेलं चित्र किंवा जुना फोटो असेल तर प्रतच पाठवा. मला ही पद्धत अन्यायाची वाटते. काउंटी जेलमधले बहुतेक लोक अजून दोषी ठरलेलेही नसतात, आणि आईच्या अक्षरातला कागदसुद्धा त्यांच्या हाती पडू नये?

नाव बुकिंगच्या, म्हणजे अटकेनंतर जेलमध्ये केलेल्या, नोंदीत आहे तसंच, त्याच स्पेलिंगने लिहा. आपल्याकडे वडिलांचं नाव मधे येतं, तिथेच घोळ होतो. सोबत बुकिंग नंबर हवाच. इमिग्रेशनच्या ताब्यातला माणूसही कधी कधी काउंटी जेलमध्येच ठेवलेला असतो. त्याचा ए-नंबरही (इमिग्रेशन खात्याने दिलेला क्रमांक) लिहा. पाठवणाऱ्याचं पूर्ण नाव-पत्ता हातानेच लिहा, चिकटवायचं लेबल नको.

साधा पांढरा कागद, निळी किंवा काळी शाई, बस. स्टेपल, स्टिकर, चमकी, अत्तर, क्रेयॉन यांमुळे पत्र परत येतं. कागदाला अमली द्रव्य लावून पाठवतात, म्हणून कुठल्याही डागाचा संशय घेतात. तेव्हा कोपऱ्याला हळद-कुंकू लावू नका, अंगारा किंवा राखी घालू नका. रोख पैसे तर नाहीच. पुस्तक हवं असेल तर बहुतेक ठिकाणी नवं, पेपरबॅक आणि थेट प्रकाशकाकडून किंवा विक्रेत्याकडूनच चालतं.

खटल्याबद्दल एक ओळही नको. कर्मचारी पत्र वाचू शकतात आणि ते सरकारी वकिलापर्यंत पोचू शकतं. मराठीत लिहिलं म्हणून गुप्त राहत नाही; उलट वाचणारा मिळेपर्यंत पत्र अडकू शकतं. वकिलाच्या टपालाचे नियम निराळे असतात, ते टपाल कैद्यासमोरच उघडतात. घरच्या पाकिटावर ‘लीगल मेल’ लिहून ती सवलत मिळत नाही, संशय मात्र वाढतो.

पेटीत टाकायच्या दिवशी कैद्यांच्या ऑनलाइन यादीत नाव पुन्हा शोधा. सुटका किंवा बदली झाली असेल, तर पत्र त्याच्या मागे जाईलच असं नाही.